हेडलाइटचे अप्पर-डिपर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गॅरेजमध्ये ‘डिपर’ हा एकच शब्द तीन गोष्टींसाठी चालतो: खाली पडणारा झोत, तो बदलणारा स्विच आणि समोरच्याला दाखवलेली लाइटची उघडझाप. घोळ नको म्हणून या पानावर खालच्या झोताला डिप, वरच्याला अप्पर आणि उघडझापेला फ्लॅश म्हटले आहे. बहुतेक उत्तरे एच४ बल्बच्या (अप्पर आणि डिप दोन्ही एकाच हॅलोजन बल्बमध्ये असलेल्या) गाड्या डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. प्रोजेक्टर आणि एलईडीचे प्रश्न पुढे आहेत.

डिपवर बल्ब मंद होतो आणि अप्परवर प्रखर, असेच ना?

नाही. एच४ बल्बवर ६०/५५ वॅट असे छापलेले असते. ६० अप्परचे, ५५ डिपचे. पाच वॅटच्या फरकाने समोरच्याचे डोळे दिपत नाहीत. दिपतात ते उजेड कुठे जातो त्यावरून.

एक एच४ बल्ब हातात घेऊन उजेडाकडे धरा. आत दोन फिलामेंट दिसतील. त्यातल्या टोकाकडच्या फिलामेंटच्या खाली नखाएवढी धातूची वाटी आहे. हे डिपचे फिलामेंट. ते रिफ्लेक्टरच्या नाभीच्या थोडे पुढे येते आणि वाटीमुळे त्याचा उजेड रिफ्लेक्टरच्या फक्त वरच्या भागावर पडतो. तिथून परतणारे किरण खाली, रस्त्यावर उतरतात. मागचे, वाटी नसलेले फिलामेंट अप्परचे. ते जवळपास नाभीवरच असते आणि संपूर्ण रिफ्लेक्टर वापरते, म्हणून झोत सरळ लांब जातो.

म्हणजे अप्पर-डिपर करताना हलत काहीच नाही. वीज एका फिलामेंटकडून दुसऱ्याकडे जाते, आणि त्या दोघांमधले अंतर जेमतेम काही मिलिमीटर असते. एवढ्याशा अंतरावर सगळा खेळ असल्यामुळे बल्ब किंचित तिरका बसला तरी झोत बिघडतो. खाली बऱ्याच उत्तरांत हीच गोष्ट वेगवेगळ्या तोंडाने परत येईल.

भिंतीवर डिप पाडला की डावीकडे उजेडाची रेघ वर चढते. बल्ब वाकडा आहे का?

नाही, ते मुद्दाम आहे. आपण डावीकडून गाडी चालवतो, तेव्हा उजवीकडून येणाऱ्याच्या डोळ्यांवर उजेड नको, पण डाव्या कडेचा पादचारी, सायकल, मैलाचा दगड दिसला पाहिजे. म्हणून उजवीकडे रेघ आडवी आणि डावीकडे साधारण १५ अंशांनी चढती असते. काही दिव्यांत चढाऐवजी पायरी दिसते, अर्थ तोच.

याची उलट बाजू अशी की अमेरिका, युरोपची मुख्य भूमी किंवा आखाती देशांतल्या गाडीचे हेडलाइट इथे आणून लावले तर ती चढती रेघ उजवीकडे येते, थेट समोरच्या ड्रायव्हरच्या तोंडावर. फोकस, म्हणजे दिव्याचा रोख, कितीही खाली केला तरी हा दोष जात नाही. जपान किंवा ब्रिटनच्या दिव्यांना ही अडचण नाही, तिथेही डावीकडूनच वाहतूक चालते.

स्टिअरिंगजवळचा दांडा पुढे ढकलला की आत नेमके काय होते?

गाडीच्या वयावर अवलंबून आहे. जुन्या अँबेसिडरमध्ये आणि जीपमध्ये तर दांडा नव्हताच. क्लचच्या डावीकडे फरशीवर बटण असे आणि डाव्या पायाने दाबले की झोत बदले. चिखलपाणी थेट त्या बटणात जाई, आणि घाटात डावा पाय क्लचवर असताना डिप करायचा कसा, हा वेगळाच प्रश्न.

नंतर स्टिअरिंगखालचा काँबिनेशन स्विच आला. साध्या वायरिंगमध्ये बल्बची सगळी वीज या स्विचच्या तांब्याच्या पट्ट्यांतून जाते. एका फिलामेंटला साधारण ५ अँपिअर, दोन बाजूंचे मिळून १०. त्यानंतरच्या गाड्यांत स्विच फक्त रिलेला (थोड्या विजेने मोठी वीज जोडणाऱ्या चुंबकी स्विचला) इशारा देतो. रिलेची कॉइल अँपिअरचा पाचवा भागसुद्धा घेत नाही, मोठी वीज रिलेच्या पॉइंटमधून जाते, त्यामुळे स्विच वर्षानुवर्षे टिकतो. अलीकडच्या गाड्यांत रिलेही उरलेला नाही. दांडा बॉडी कंट्रोल मॉड्यूलला, म्हणजे गाडीतल्या छोट्या संगणकाला, फक्त संदेश देतो आणि आतले इलेक्ट्रॉनिक स्विच दिवे चालवतात.

चांगल्या साध्या स्विचमध्ये एक बारीक गोष्ट असते: डिपचा पॉइंट सुटण्याआधी अप्परचा पॉइंट टेकतो. निमिषभर दोन्ही चालू राहतात, म्हणून रस्त्यावर अंधाराची झापड येत नाही. बदलताना मध्येच काळोख होत असेल तर पॉइंट झिजले आहेत, स्विच उघडून बघण्याची वेळ झाली.

हेडलाइट बंद असतानाही दांडा ओढला की फ्लॅश कसा लागतो? आणि तो धरून ठेवला तर?

फ्लॅशला वीज वेगळ्या वाटेने येते, हेडलाइटच्या मुख्य स्विचमधून नाही. त्यामुळे भर दुपारीसुद्धा तो लागतो.

डिप चालू असताना फ्लॅश ओढला तर अनेक एच४ गाड्यांत दोन्ही फिलामेंट एकाच वेळी पेटतात. हिशेब करा: ६० आणि ५५ मिळून ११५ वॅट, दोन बाजूंचे २३० वॅट, म्हणजे १२ व्होल्टला १९ अँपिअर. क्षणभर ठीक. पण ‘दोन्ही लावल्यावर छान दिसते’ म्हणून दांडा ओढून धरणे किंवा जंपर (जोडवायर) टाकून कायमचे दोन्ही चालू करणे म्हणजे बल्ब, होल्डर आणि फ्यूज तिघांवर अत्याचार. वेगवेगळे बल्ब असलेल्या चार दिव्यांच्या गाड्यांत मात्र अप्परसोबत डिप चालू राहणे ही मूळ रचनाच असू शकते. तिथे काळजी नको.

डॅशबोर्डवर निळा दिवा लागतो, पण रस्त्यावर अप्पर पडत नाही. असे कसे?

निळा दिवा बल्बवर लक्ष ठेवत नाही. साध्या वायरिंगमध्ये तो अप्परच्या लाइनला समांतर जोडलेला असतो. स्विचपासून वीज निघाली एवढेच तो सांगतो. पुढे फ्यूज उडाला, बल्ब गेला, कपलर (बल्बच्या पिनांवर बसणारा वायरींचा जोड) जळला, हे त्याला कळत नाही. म्हणून निळा लागतो आणि अप्पर नाही, तर स्विच बहुधा ठीक आहे, दोष त्याच्या पुढे शोधा. निळाही नाही आणि अप्परही नाही, तर आधी स्विच आणि अप्परचा रिले पाहा.

डिप लावला की एका बाजूचा दिवा तांबूस मिणमिणतो, दुसरीकडे नीट लागतो, आणि निळा दिवाही अर्धवट पेटतो. बल्ब बदलला, फरक नाही.

बल्बचा दोष नाहीच. हा तुटलेल्या अर्थचा (पत्र्यामार्गे बॅटरीच्या निगेटिव्हला परतणाऱ्या वाटेचा) खेळ आहे, आणि इतका नेमका की एकदा समजला तर मल्टिमीटरशिवाय ओळखता येतो.

एच४ला तीन पिना: एक डिपची, एक अप्परची, एक सामाईक. समजा उजव्या दिव्याची सामाईक पिन अर्थला जाते आणि ती वायर गंजून तुटली. डिपची वीज उजव्या बल्बच्या डिप फिलामेंटमधून सामाईक पिनपर्यंत येते, पण पुढे वाट बंद. वीज दुसरी वाट शोधते: त्याच बल्बच्या अप्पर फिलामेंटमधून उलटी अप्परच्या लाइनमध्ये शिरते, तिथून डाव्या दिव्याच्या अप्पर फिलामेंटमध्ये, आणि डावीकडच्या शाबूत अर्थमधून बॅटरीला पोहोचते. तीन फिलामेंट एका माळेत आल्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम ४ व्होल्ट येतात. म्हणून उजवीकडची दोन्ही फिलामेंट तांबूस दिसतात, डाव्या दिव्यात नीट लागलेल्या डिपमागे अप्परही हलका लालसर होतो, आणि अप्परच्या लाइनवर चढलेल्या त्या ४ व्होल्टमुळे निळा दिवा मिणमिणतो.

अप्पर लावल्यावर हेच चित्र उलटे दिसेल. उपाय सोपा आहे. ज्या बाजूची दोन्ही फिलामेंट तांबूस आहेत तिथली अर्थ वायर शोधा. ती हेडलाइटमागे पत्र्याला स्क्रूने लावलेली असते. स्क्रू काढा, रिंग टर्मिनल आणि पत्रा चकचकीत होईपर्यंत पॉलिश पेपरने घासा, घट्ट आवळा, वर थोडे ग्रीस लावा. खात्री करायची असेल तर बॅटरीच्या निगेटिव्हवरून एक वायर सामाईक पिनेला लावून बघा; दिवा लगेच लख्ख होतो.

एक सूचना: जपानी घडणीच्या काही गाड्यांत सामाईक पिन अर्थ नसून पॉझिटिव्ह असते आणि स्विच अर्थच्या बाजूने जोडतो. लक्षणे तीच दिसतात, तुटलेली वायर मात्र पॉझिटिव्हची असते. म्हणून आधी मीटरने पिनांवर काय येते ते बघा, मग पाना उचला.

दोन्ही डिप एकाच वेळी गेले, अप्पर चालू आहे. दोन बल्ब एकदम जातात का?

जातात, पण क्वचित. बहुतेक गाड्यांत डाव्या आणि उजव्या डिपचे फ्यूज वेगळे असतात, नेमके यासाठी की एका दोषाने पूर्ण अंधार होऊ नये. दोन्ही बाजू एकदम गेल्या तर दोष दोघांच्या सामाईक जागी असणार: डिपचा रिले किंवा काँबिनेशन स्विचचा डिपचा पॉइंट. रिले तपासायला सोपी युक्ती म्हणजे फ्यूज बॉक्समधला त्याच जातीचा, त्याच पिनांचा हॉर्नचा रिले तात्पुरता तिथे बसवणे. डिप लागला तर नवा रिले आणा.

तरीही दोन्ही बल्ब खरेच गेलेले निघाले तर नुसते बदलून निघू नका. इंजिन चालू ठेवून बॅटरीवर व्होल्टेज मोजा. १३.५ ते १४.४ बरोबर. १५च्या आसपास दिसले तर अल्टरनेटरचा रेग्युलेटर बिघडला आहे आणि नवे बल्बही लवकरच जातील. व्होल्टेज ५ टक्के वाढले की हॅलोजनचे आयुष्य जवळपास अर्धे होते.

मीटरने फिलामेंट तपासताना घाबरू नका: थंड फिलामेंटचा रोध अर्ध्या ओहमपेक्षाही कमी दिसतो. ते शॉर्ट नव्हे, तो चांगला बल्ब आहे. तापल्यावर हाच रोध दहा पटींच्या घरात जातो.

एच४ बल्ब स्वतः बदलता येतो का?

येतो, दहा मिनिटांचे काम आहे. हेडलाइट बंद करा, बल्ब निवू द्या. तीन पिनांचा कपलर हलवत हलवत मागे ओढा, वायर धरून नाही. रबरी बूट काढा. आत तारेची स्प्रिंग क्लिप आहे, ती दाबून बाजूला करा. कशी अडकली होती ते आधी नीट पाहा, कारण परत लावताना याच क्लिपशी झटापट होते. नवा बल्ब बुडाला धरा. काचेला बोट लागले तर स्पिरिटने पुसा, नाहीतर तेलकट डाग तापून काच तिथेच कमकुवत होते.

आता महत्त्वाचे. बल्बच्या गोल चकतीवर तीन कान आहेत, त्यातला रुंद कान वर येतो. तिन्ही कान खाचांत पूर्ण बसले की बल्ब हलत नाही. घाईत कान खाचेवर चढवून क्लिप दाबली तर बल्ब लागतो, सगळे ठीक वाटते, आणि डिप झाडाच्या शेंड्यावर जातो. ‘बल्ब बदलल्यापासून समोरचे सारखे फ्लॅश मारतात’ या तक्रारीचे कारण बहुतेकदा एवढेच असते. रबरी बूटही नीट चढवा. पावसाळ्यात हेडलाइटमध्ये धरणारा ओलावा तिथूनच येतो.

कपलर वितळला आहे. बल्ब जास्त वॅटचा नसतानाही?

सैल पिनेमुळे. पिन आणि कपलरमधली पकड सैल झाली की तिथे रोध वाढतो, ५ अँपिअर त्यातून जाताना जागा तापते, तापली की पितळी पट्टी आणखी सैल होते. प्लास्टिक तपकिरी होऊन गळते. अशा वेळी नुसता नवा बल्ब घातला तर तोही त्याच आगीत बसतो. सिरॅमिक कपलर घ्या, पण जळून काळी पडलेली वायर ३-४ सेंटीमीटर मागे, चकचकीत तांबे दिसेपर्यंत कापून मगच जोडा. पिळून टेप मारलेला जोड इथे चालत नाही. क्रिंप करा (टर्मिनल पक्कडीने दाबून बसवा) किंवा सोल्डरचा डाग द्या, वर हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी).

उजेड पिवळट आणि कमी वाटतो. जास्त वॅटचा बल्ब घालू का?

आधी मोजा. हॅलोजनला १० टक्के व्होल्टेज कमी मिळाले तर उजेड सुमारे ३० टक्के घटतो. जुन्या वायरिंगमध्ये एवढी गळती सहज होते.

दिवा चालू ठेवून मीटरची एक तार बॅटरीच्या पॉझिटिव्ह बुंध्यावर आणि दुसरी बल्बच्या डिप पिनेवर कपलरच्या मागून टेकवा. मीटर जे दाखवेल ती वाटेत हरवलेली वीज. अर्धा व्होल्टपर्यंत चालेल; एक व्होल्ट किंवा जास्त असेल तर वॅट वाढवून उपयोग नाही. अर्थच्या बाजूने सामाईक पिन ते बॅटरी निगेटिव्ह हेच करा, तिथे ०.२ व्होल्टच्या वर काही दिसता कामा नये. ही मोजणी फक्त सामाईक पिन अर्थ असलेल्या गाड्यांसाठी आहे.

गळती स्विच आणि लांब वायरींत असेल तर रिले किट घाला. बॅटरी पॉझिटिव्हपासून एक वीतभर अंतरात २० अँपिअरचा फ्यूज, तिथून २.५ चौरस मिलिमीटरची वायर दोन रिलेंच्या ३० क्रमांकाच्या पिनेला. एका रिलेच्या ८७ वरून दोन्ही डिप, दुसऱ्याच्या ८७ वरून दोन्ही अप्पर. ८५ आणि ८६ ही कॉइलची टोके, त्यांना इशारा एका बाजूच्या मूळ कपलरमधून द्यायचा. रिले तोंड खाली करून लावा, म्हणजे पाणी आत साचत नाही. फ्यूज न घालता थेट बॅटरीवरून ओढलेली वायर पत्र्याला घासली की गाडी पेटू शकते, तेवढी काटकसर करू नका.

आणि ९०/१०० वॅट? १०० वॅट म्हणजे एका बल्बला ८ अँपिअरवर. मूळ कपलर आणि स्विच त्यासाठी नाहीत, प्लास्टिकचा रिफ्लेक्टर तर भाजूनच निघतो. शिवाय समोरच्याच्या डोळ्यांचे काय होते ते वेगळे. ६०/५५ला पूर्ण व्होल्टेज आणि स्वच्छ काच मिळाली की बहुतेकांची तक्रार मिटते. पॉलीकार्बोनेटची काच पिवळी, दुधट झाली असेल तर ती आधी पॉलिश करा. दुधट काच उजेड खाते आणि उरलेला चहूकडे फेकते.

एच४च्या जागी एलईडी बल्ब बसवला तर अप्पर-डिपर नीट चालेल का?

स्विच नीट चालेल, झोत बहुधा नाही. तुमचा रिफ्लेक्टर एका बारीक, गोल, सगळीकडे उजेड टाकणाऱ्या फिलामेंटसाठी घडवला आहे. एलईडी बल्बमध्ये त्या जागी पट्टीच्या दोन बाजूंना चपट्या चिप असतात. वाटीची नक्कल केलेली असली तरी चिप मिलिमीटरभर पुढेमागे असली की डिपची रेघ विस्कटते. ड्रायव्हरला जवळचा रस्ता पांढराशुभ्र दिसतो म्हणून तो खूश होतो, लांबचा उजेड मात्र कमी झालेला असतो आणि समोरचा शिव्या घालत जातो.

बसवलाच असेल तर निदान भिंतीवर रेघ तपासा आणि बल्बची कॉलर फिरवून चिप बरोबर उभ्या, डावीकडे-उजवीकडे तोंड करून आहेत ना ते बघा. सामाईक पिन पॉझिटिव्ह असलेल्या गाड्यांत काही एलईडी लागतच नाहीत किंवा अप्पर-डिप उलटे होतात. तो बल्बचा दोष नव्हे, ध्रुव उलटे आहेत. बॉडी कंट्रोल मॉड्यूलच्या गाड्यांत एलईडी कमी वीज घेतो म्हणून मॉड्यूलला बल्ब उडाल्यासारखे वाटते, दिवा लुकलुकतो. गाडीत परवानगी नसलेला बदल केल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ प्रमाणे मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड होऊ शकतो, सहा महिन्यांपर्यंत कैदेचीही तरतूद आहे.

फोकस घरी सेट करता येईल का?

सपाट जागा आणि भिंत असेल तर होय. टायरची हवा बरोबर, पाठीमागे सामान नाही, ड्रायव्हरच्या जागी कोणीतरी बसवा, डॅशबोर्डवरची लेव्हलची चकती ० वर. भिंतीपासून दिवा बरोबर ५ मीटरवर ठेवा. जमिनीपासून दिव्याच्या मध्याची उंची मोजा आणि भिंतीवर त्याच उंचीवर, प्रत्येक दिव्याच्या अगदी समोर, टेपने खूण करा. मग डिप लावा. डिपची आडवी रेघ खुणेच्या ५ सेंटीमीटर खाली हवी, हा १ टक्का उतार. अनेक गाड्यांत बॉनेटखाली किंवा दिव्यावर १ टक्का, १.२ टक्का असे छापलेले असते, ते पाळा. रेघ जिथून चढायला लागते तो कोपरा दिव्याच्या सरळ समोर असावा.

दिव्याच्या मागे दोन प्लास्टिकचे दातेरी स्क्रू असतात, एक वर-खाली, एक डावी-उजवी. एच४मध्ये फक्त डिप लावून सेट करा; अप्पर आपोआप जागेवर येतो, कारण दोन्ही फिलामेंट एकाच बल्बमध्ये पक्की आहेत.

अर्धा-पाऊण अंश इकडेतिकडे झाला तर काय बिघडते, असे वाटेल. दिवा ६५ सेंटीमीटर उंचीवर आणि उतार १ टक्का असेल तर डिपची रेघ ६५ मीटरवर जमिनीला टेकते. दिवा एक अंश वर गेला की उतारच संपतो, उलट पाऊण टक्का चढ येतो, आणि ७० मीटरवर रेघ ११७ सेंटीमीटरला पोहोचते. छोट्या गाडीतल्या ड्रायव्हरचे डोळे साधारण तिथेच असतात.

लेव्हलची ती ० ते ३ ची चकती कशासाठी?

वरचाच हिशेब भारासाठी. लग्नाला निघालेली गाडी घ्या: मागे तिघे, डिकी भरलेली. मागचा भाग साडेतीन सेंटीमीटर दबला आणि चाकांमधले अंतर अडीच मीटर असले तर नाक १.४ टक्क्यांनी वर उचलले जाते. डिपचा १ टक्का उतार गेला आणि वर चढ आला. तुम्ही डिपवरच असता, समोरचा मात्र फ्लॅश मारत राहतो. साधारणपणे पुढे दोघेच असतील तर ०, सगळ्या सीट भरल्या तर १, डिकीही भरली तर २, एकटा ड्रायव्हर आणि डिकी गच्च तर ३. नेमके तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत पाहा. चकती फिरवताना भिंतीवर रेघ हलत नसेल तर दिव्यामागची छोटी मोटर अडकली आहे.

प्रोजेक्टर हेडलाइटमध्ये अप्पर लावताना ‘टक्’ असा आवाज येतो. बिघाड आहे का?

उलट, तो निरोगीपणाचा आवाज आहे. बाय-झेनॉन आणि अनेक बाय-एलईडी प्रोजेक्टरमध्ये उजेडाचा उगम एकच असतो आणि भिंगामागे धातूचा छोटा पडदा. तो उभा असला की खालचा झोत आणि धारदार रेघ. अप्पर लावला की सोलेनॉइड (विजेवर चालणारा चुंबकी खेचक) पडदा ओढून खाली पाडतो. झेनॉनमध्ये हे विशेष उपयोगी पडते, कारण तो दिवा पूर्ण उजेडाला यायला काही सेकंद घेतो. अप्परसाठी वेगळा झेनॉन दिवा पेटवत बसलात तर फ्लॅश वेळेवर लागणार नाही.

वीज तुटली तर स्प्रिंग पडद्याला परत डिपच्या जागी आणते, म्हणजे बिघडला तरी समोरच्याचे डोळे सुरक्षित. त्यामुळे निळा दिवा लागतो, ‘टक्’ येत नाही आणि झोत वर जात नाही, तर सोलेनॉइडची दोन वायरींची जोडणी आधी तपासा. काही नव्या एलईडी दिव्यांत पडदाच नसतो, अप्परची वेगळी चिप असते. तिथे शांतता हेच सामान्य.

ऑटो हेडलाइट आणि ऑटो हाय बीम एकच का?

नाही, आणि शोरूममध्ये यावर बराच घोळ होतो. ऑटो हेडलाइट फक्त अंधार ओळखून दिवे लावते. ऑटो हाय बीममध्ये आरशामागचा कॅमेरा समोरचे हेडलाइट आणि पुढच्या गाडीचे टेललाइट शोधतो, आणि दिसले की डिप करतो. यातली सगळ्यात प्रगत जात अनेक चिपांपैकी फक्त समोरच्या गाडीवर पडणाऱ्या विझवते. अशी मॅट्रिक्स एलईडी २०१३ मध्ये आउडीच्या ए८ मध्ये आली.

कॅमेऱ्याला फक्त दिवे दिसतात, माणसे नाहीत. दिवा नसलेली सायकल, बैलगाडी, चालणारा माणूस यांच्यासाठी तो डिप करत नाही. डिव्हायडरवर कण्हेर वाढलेली असेल तर पलीकडच्या ट्रकचे हेडलाइट झुडपात लपतात, ड्रायव्हरचे डोळे मात्र वर असतात. कॅमेऱ्याला वाटते समोर कोणी नाही. गावातल्या रस्त्यावर हातानेच चालवा, आणि आरशामागची काच पुसत जा.

दुचाकीचा दिवा दिवसा बंद का करता येत नाही?

१ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींत हेडलाइट इंजिनसोबत आपोआप लागतो, बंदचे बटणच नाही. दिवसा दुचाकी लवकर दिसावी हा हेतू. यासाठी डिप पुरतो; अप्पर लावून फिरणे हा त्या नियमाचा भाग नव्हे. अनेक मोटरसायकलींत एचएस१ बल्ब असतो, ३५/३५ वॅट. दिसायला एच४चा धाकटा भाऊ, आत तीच दोन फिलामेंट आणि वाटी. ३५च्या जागी ६०/५५ ठोकला की कपलर आणि वायरिंग आधी जाते.

रात्री अप्पर कधी, डिप कधी?

वेग आणि उजेड यांचा मेळ बसवा. हॅलोजनच्या डिपमध्ये अडथळा ५०-६० मीटरवर ओळखू येतो. ताशी ८० ला एका सेकंदाच्या प्रतिक्रियेत २२ मीटर जातात आणि कोरड्या रस्त्यावर ब्रेकला ३५ लागतात, एकूण ५७. म्हणजे डिपवर ८० ही हद्द आहे. १०० ला हाच आकडा ८० मीटरच्या वर जातो. मोकळ्या, अंधाऱ्या रस्त्यावर म्हणूनच अप्पर हवा. गळीत हंगामात कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे हे विशेष जाणवते: टेललाइट नसलेली उसाची ट्रॉली डिपमध्ये उशिरा दिसते, आणि मागे लोंबणारे वाढे सगळा उजेड गिळतात.

समोरून गाडी दिसली की डिप. पुढच्या गाडीच्या मागे असाल तरीही डिप, कारण त्याच्या आरशात तुमचा अप्पर थेट डोळ्यांत जातो. वळणावर समोरच्याच्या झोताची चाहूल आधी लागते, तेव्हाच डिप करा, दिवा दिसेपर्यंत थांबू नका. शहरात दिव्यांच्या रस्त्यावर अप्परचे काही काम नाही.

आंबोली किंवा ताम्हिणीत पावसाळ्यात धुके उतरते तेव्हा अप्पर लावून पाहाच, एकदाच: समोर पांढरी भिंत उभी राहते. थेंबांवरून उजेड परत तुमच्याच डोळ्यांवर येतो. डिप ठेवा, फॉग लॅम्प असतील तर लावा, आणि डाव्या कडेची पांढरी रेघ धरून चाला.

समोरचा डिप करतच नाही. आपणही अप्पर मारावा का?

एक फ्लॅश पुरे. त्याने डिप केला नाही तर तो बहुधा करणारच नाही: कदाचित दांडा तुटला आहे, कदाचित फोकस वर गेला आहे आणि तो डिपवरच आहे, कदाचित एलईडी आहे. तुम्ही अप्पर मारलात तर समोरासमोर येणारे दोन्ही ड्रायव्हर आंधळे होतात. वेग कमी करा, नजर त्याच्या दिव्यांवरून काढून डाव्या कडेच्या रेघेवर ठेवा. तो गेल्यावरही काही सेकंद डोळ्यांना अंधार सरावायला लागतात; तेवढा वेळ ॲक्सिलरेटर दाबू नका.